'श्यामची आई'च्या अकरा नोंदी: किती ठेवायच्या, किती विलीन करायच्या?

(ग्रंथालयातल्या तालिकाकारांची चर्चा; प्रत्येक मजकुराआधी लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

दाखलनोंद

सार्वजनिक ग्रंथालयाचा जुन्या सॉफ्टवेअरमधला डेटा कोहात (ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीत) आणला की हमखास दिसणारं चित्र इथे मांडतोय. ओपॅकमध्ये (वाचकांसाठीच्या संगणक-तालिकेत) 'श्यामची आई' टाकलं की अकरा नोंदी येतात. वाचकाला एकच पुस्तक हवं असतं. पहिल्या नोंदीवर 'बाहेर गेले आहे' दिसतं, तो परत फिरतो, आणि तिसऱ्या नोंदीवरच्या तीन प्रती कपाटात तशाच उभ्या असतात.

प्रकाशकांना क, ख, ग म्हटलंय. साल आणि पृष्ठं नमुन्यादाखल आहेत.

१) प्रकाशक क, २१वी आवृत्ती, १९८४, २५६ पृ.
२) प्रकाशक क, २४वी आवृत्ती, १९८९, २५६ पृ.
३) वरचीच २४वी, पण लेखक 'साने, गुरूजी' (दीर्घ रू), तीन प्रती
४) प्रकाशक क, 'नवी आवृत्ती', २००५, २४० पृ., आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) आहे
५) प्रकाशक ख, २०११, २०८ पृ., कागदी बांधणी
६) प्रकाशक ख, २०११, २०८ पृ., पुठ्ठा बांधणी, वेगळा आयएसबीएन
७) प्रकाशक ग, २०१४, ९६ पृ., 'मुलांसाठी संक्षिप्त'
८) इंग्रजी अनुवाद
९) ऑडिओ सीडी
१०) चित्रपटाची डीव्हीडी
११) शीर्षकपान नाही, प्रकाशक नाही, साल नाही, नव्याने बाइंडिंग केलेलं, शेवटचं पान २५०

यातल्या किती राहायला हव्यात? कारणासकट सांगा, म्हणजे बाकीच्या पुस्तकांना तोच नियम लावता येईल.

मार्कवाला

आधी चार पायऱ्या, कारण पुढची सगळी उत्तरं त्यावर बसतात. इफ्ला या ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९९८ साली एफआरबीआर नावाचा अहवाल काढला ('फर्बर' म्हणतात तो). तो आणि त्याची दोन भावंडं (नावं आणि विषय यांबद्दलचे अहवाल) एकत्र करून २०१७ साली एलआरएम हा आराखडा झाला. २०१० साली आलेली आरडीए ही तालिकीकरणाची नियमावली याच विचारावर उभी आहे.

कृती: साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात जे रचलं ते. याला पान नाही, अक्षर नाही, भाषासुद्धा नाही.
अभिव्यक्ती: तीच कृती शब्दांत किंवा आवाजात उतरली की. मूळ मराठी मजकूर एक, इंग्रजी अनुवाद दुसरी, मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित केलेली तिसरी.
प्रकटन: ती अभिव्यक्ती ठरावीक प्रकाशकाने, ठरावीक आकारात, ठरावीक जुळणीत बाजारात आणली की.
प्रत: दाखल नोंदवहीत जिचा क्रमांक पडतो, जिला बारकोड चिकटतो, जिचं सत्तेचाळिसावं पान कोणीतरी फाडलेलं असतं, ती.

मार्क म्हणजे संगणकात नोंद ठेवायचा साचा: माहिती तीन आकडी क्षेत्रांत जाते, आणि 'डॉलर अमुक' म्हणजे क्षेत्रातला उपविभाग. मार्कमधली एक नोंद म्हणजे ढोबळमानाने एक प्रकटन. प्रती त्या नोंदीखाली ९५२मध्ये. कृती आणि अभिव्यक्ती या दोन पायऱ्यांना मार्कमध्ये स्वतःचं घर नाही. त्या १०० (मुख्य लेखक), २४० (कृतीचं मान्य शीर्षक) आणि ७०० (इतर व्यक्ती आणि संबंधित कृती) या क्षेत्रांतून दाखवाव्या लागतात. अकरा नोंदी होण्याचं मूळ इथेच आहे. डेटा एंट्रीला बसलेल्या माणसासमोर पुस्तक येतं, त्याला नोंद सापडत नाही (गुरुजी ऱ्हस्व की दीर्घ!), तो 'नवीन नोंद' दाबतो. प्रतीसाठी प्रकटन तयार होतं.

अवांतर: ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी ग्रंथाचे आत्मा, सूक्ष्म देह आणि स्थूल देह असे भाग मानले होते. आपल्या माणसांना फर्बर समजवायला तो दाखला इफ्लाच्या तक्त्यांपेक्षा लवकर पोचतो.

खिळेजोड

मराठी पुस्तकांची खरी गोम 'आवृत्ती' या शब्दात आहे. आपल्याकडे प्रकाशक तीन वेगळ्या गोष्टींना आवृत्ती म्हणतात. एक, तीच जुळणी, तोच मजकूर, नुसती पुन्हा छपाई. दोन, मजकूर तोच पण नव्याने अक्षरजुळणी. तीन, लेखकाने किंवा संपादकाने मजकुरात खरोखर हात घातलेला. पहिलीत प्रकटन तेच राहतं, दुसरीत प्रकटन बदलतं, तिसरीत अभिव्यक्तीच बदलते. पुस्तकावर मात्र तिन्ही वेळा 'पंचविसावी आवृत्ती' एवढंच छापलेलं असतं. 'पुनर्मुद्रण' हा शब्द वापरणारे प्रकाशक आहेत, पण सरसकट भरवसा ठेवू नका. 'सुधारित' या शब्दावर तर अजिबात नको. कधी कधी सुधारलेली असते ती फक्त किंमत.

म्हणून शब्द सोडून वस्तू बघायची. शीर्षकपानाच्या मागचं पान उघडा आणि या क्रमाने वाचा:

अक्षरजुळणी कोणाची? नाव बदललं तर जुळणी बदललेली असण्याची दाट शक्यता. मग पृष्ठसंख्या. फर्मा (एकत्र छापून घडी घातलेला पानांचा गठ्ठा) सोळा पानी धरला तर २५६ म्हणजे सोळा फर्मे, २४० म्हणजे पंधरा. नवी जुळणी करताना प्रकाशक फर्मा वाचवायला बघतो, त्यामुळे पृष्ठं सहसा फर्म्याच्या पटीत उतरतात. नोंद ४ मध्ये तेच झालेलं दिसतंय. मग उंची सेंटिमीटरमध्ये, पुढच्या पूर्णांकाला नेऊन: १७.२ आली तर १८ से.मी.

मुद्रक बदलला, मुखपृष्ठाचा चित्रकार बदलला, मूल्य बदललं: यातल्या एकानेही नवी नोंद होत नाही. किंमत प्रतीची गोष्ट आहे, ती ९५२ डॉलर जी मध्ये जाते. आणि तीच पुस्तकं पुन्हा घेताना काय पडतील ते डॉलर व्ही मध्ये. हरवलेल्या पुस्तकाची भरपाई घेताना १९८४ सालच्या किमतीवरून वाचकाशी वाद घालायचा नसेल तर डॉलर व्ही रिकामं ठेवू नका.

नवशिका

पण आरडीए तर म्हणतं की आवृत्तीचं विधान जसं छापलंय तसं २५०मध्ये उतरवा. मग २१वी आणि २४वी या वेगळ्याच नोंदी झाल्या ना? १ आणि २ विलीन कशा करणार?

मार्कवाला

नियमाचं वाचन बरोबर आहे, पण नियम लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर जे 'एडिशन' होतं ते आपल्या पुस्तकांवर छापलेलं नाही. ओसीएलसी या ग्रंथालयांच्या सहकारी संस्थेच्या सामाईक तालिकेतही धोरण हेच आहे की फक्त छपाईचं साल किंवा खेप बदलली म्हणून नवी नोंद करू नये. आपली 'चोविसावी आवृत्ती' बऱ्याचदा निव्वळ चोविसावी खेप असते.

चालणारा तोडगा असा. प्रकाशक तोच, पृष्ठं तीच, उंची तीच, जुळणी तीच, तर एकच नोंद. तुमच्याकडे असलेली सगळ्यात जुनी खेप आधार धरा: २५०मध्ये '२१वी आवृत्ती', २६४ डॉलर सी मध्ये १९८४. मग ५०० या टिपेच्या क्षेत्रात एक ओळ: 'ग्रंथालयात २४व्या आवृत्तीच्या (१९८९) प्रतीही आहेत; मजकूर व पृष्ठे तीच.' आणि त्या खेपेच्या प्रत्येक प्रतीच्या ९५२ डॉलर झेड मध्ये '२४वी आ., १९८९'. ओपॅकवर प्रतींच्या यादीत वाचकाला ते दिसतं, त्याला हवी ती खेप निवडता येते.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात, जिथे मराठी मुद्रणावर काम करणारे येतात, तिथे प्रत्येक खेपेची वेगळी नोंद ठेवली तरी मी चूक म्हणणार नाही. तालुक्याच्या वाचनालयात मात्र ती वाचकाची अडवणूक आहे.

तालिका

थोडी असहमती. सगळ्यात जुनी खेप आधार धरली की पहिल्या प्रकाशनाचं साल हरवतं. ००८ या संकेतांच्या क्षेत्रात सहाव्या स्थानी पुनर्मुद्रणाचं चिन्ह 'आर' टाका. पहिल्या सालात हातातल्या खेपेचं साल, दुसऱ्यात मूळ प्रकाशनाचं. शीर्षकपानामागे आवृत्त्यांची यादी असतेच ('पहिली आवृत्ती अमुक, दुसरी तमुक'), ती तिथून घ्या. यादी नसेल तर अंदाजाने भरू नका. हे एवढं केलं की 'सालानुसार लावा' म्हटल्यावर गोंधळ होत नाही.

मार्कवाला

मान्य. 'आर' हवाच.

दाखलनोंद

म्हणजे १, २, ३ मिळून एक. ४ वेगळी. ५ आणि ६?

खिळेजोड

तत्त्वाने दोन प्रकटनं: बांधणी वेगळी, आयएसबीएन वेगळा. व्यवहारात एकच नोंद करतात. ०२० हे आयएसबीएनचं क्षेत्र पुन्हा पुन्हा घेता येतं. एका ०२०मध्ये पहिला क्रमांक आणि डॉलर क्यू मध्ये 'कागदी बांधणी', दुसऱ्यात दुसरा आणि 'पुठ्ठा बांधणी'. मजकुराचा फर्मा एकच असल्यामुळे यात वाचकाचं काही बिघडत नाही.

प्रकाशक ख कुठून आला असं कोणी विचारलं तर: साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो, म्हणजे ३१ डिसेंबर २०१० पर्यंत. १ जानेवारी २०११ पासून कोणीही छापू शकतो. त्यामुळे त्या सालानंतर एकाच मजकुराची प्रकटनं भराभर वाढली आहेत. हक्क संपलेल्या प्रत्येक लेखकाच्या बाबतीत हे होतं. तालिकाकाराने अशा वेळी प्रकाशक नीट बघावा. मुखपृष्ठावर तेच जुनं चित्र असलं तरी आत दुसरंच घर असतं.

पोथीनिष्ठ

आयएसबीएनवर एक इशारा. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मिळतो आणि नियम स्पष्ट आहे: तसंच्या तसं पुनर्मुद्रण असेल तर क्रमांक तोच, बांधणी किंवा मजकूर बदलला तर नवा. प्रत्यक्षात उलटसुलट दिसतं. मजकूर बदलूनही जुनाच क्रमांक, तीन खंडांच्या संचाचा एकच क्रमांक तिन्हींवर, किंवा चक्क दुसऱ्याच पुस्तकाचा. झेड ३९.५० वरून (दुसऱ्या ग्रंथालयाची नोंद ओढायची सोय) क्रमांक टाकून नोंद ओढली आणि पाककृतींचं पुस्तक आलं, तर तुमचं टायपिंग चुकलेलं असेलच असं नाही. ओढलेल्या नोंदीतल्या तीन गोष्टी पुस्तकाशी ताडल्याशिवाय जतन करू नका: शीर्षक, प्रकाशक, पृष्ठं.

छापलेला क्रमांक चुकीचा आहे हे कळलं तर तो पुसू नका. ०२० डॉलर झेड मध्ये टाका. वाचक तोच क्रमांक पुस्तकावर बघून शोधणार आहे.

नवशिका

७ नंबरची 'संक्षिप्त'? आणि रूपांतरांचं काय? भाषांतर, अनुवाद, भावानुवाद, रूपांतर, 'वर आधारित'... आपल्याकडे शब्द भरपूर.

तालिका

इथे रेघ कुठे ओढायची हे आरडीएने बऱ्यापैकी सांगितलंय. मूळ लेखकाचा मजकूर कापून छोटा केला पण वाक्यं त्याचीच, तर ती त्याच कृतीची नवी अभिव्यक्ती. दुसऱ्या कोणी गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगितली तर नवी कृती, नवा लेखक. मूळ कृतीशी फक्त नातं. 'श्यामची आई'त बेचाळीस रात्री आहेत. संक्षिप्त पुस्तक घ्या, अनुक्रमणिकेत किती रात्री राहिल्या ते मोजा, मग कुठल्याही एका रात्रीचा पहिला परिच्छेद मूळ पुस्तकाशेजारी ठेवा. वाक्यं जुळली, मधली गळली, तर संक्षेप: १००मध्ये सानेच, ७००मध्ये संक्षेप करणारा. वाक्यंच नवी असतील तर १००मध्ये पुनर्कथन करणारा आणि ७००मध्ये साने, डॉलर टी मध्ये मूळ शीर्षक. पाच मिनिटांचं काम आहे. मलपृष्ठ वाचून ठरवू नका.

नाटकांत हे जास्त स्वच्छ दिसतं. आगरकरांचं 'विकारविलसित' (१८८३) म्हणजे हॅम्लेटचा अनुवाद. ती शेक्सपिअरच्या कृतीची मराठी अभिव्यक्ती. १००मध्ये शेक्सपिअर, २४०मध्ये हॅम्लेट आणि डॉलर एल मध्ये मराठी, २४५मध्ये (पुस्तकावर छापलेलं शीर्षक) विकारविलसित, ७००मध्ये आगरकर. देवलांचं 'झुंजारराव' ऑथेल्लोवरून, पण माणसं, नावं, वातावरण सगळं इथलं, पु. लं.चं 'ती फुलराणी' शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून. या दोन्ही नव्या कृती. १००मध्ये देवल आणि देशपांडे. शेक्सपिअर आणि शॉ ७००मध्ये, डॉलर आय मध्ये 'आधारित कृती' असं नातं लिहून.

मुखपृष्ठावर 'अनुवाद' लिहिलंय की 'रूपांतर' यावर जाऊ नका. खिळेजोड आवृत्तीबद्दल जे म्हणाले तेच इथे.

पोथीनिष्ठ

+१. आणि 'प्रत' हा शब्द तर आणखी घातक. 'राजवाडे प्रत' म्हणताना आपण अभिव्यक्तीबद्दल बोलतो, 'ग्रंथालयाची प्रत' म्हणताना स्थूल वस्तूबद्दल.

ज्ञानेश्वरीच घ्या. कृती शके १२१२ची, म्हणजे १२९०. शके १५०६ मध्ये एकनाथांनी पाठ शुद्ध केला: ती वेगळी अभिव्यक्ती. १९०९ साली राजवाड्यांनी जुन्या हस्तलिखितावरून छापला तो पाठ आणखी वेगळी. ओव्यांची संख्याही सगळीकडे एक नाही. कपाटात मात्र 'श्रीज्ञानेश्वरी', 'सार्थ ज्ञानेश्वरी', 'ज्ञानदेवी', 'भावार्थदीपिका' अशी चार शीर्षकं, त्यामुळे शीर्षकावर शोधणाऱ्याला चौथा भागच मिळतो. उपाय २४०: चारही नोंदींत तिथे 'ज्ञानेश्वरी' हे एकच मान्य शीर्षक. १००मध्ये लेखकाचं एकच मान्य रूप, आणि अधिकृत नामसूचीत 'ज्ञानदेव', 'ज्ञानेश्वर महाराज', 'ज्ञानेश्वर, संत' ही पर्यायी रूपं ४००मध्ये. आणि पाठ कोणता, हे ५००मध्ये लिहा. संपादकाच्या प्रस्तावनेच्या पहिल्या दहा पानांत ते सहसा सापडतं. शोधायला आलेल्या कीर्तनकाराला आणि पीएचडीवाल्याला दोघांनाही तेच हवं असतं.

'सार्थ' ज्ञानेश्वरीत आणखी एक थर असतो. एकाच जिल्दीत गीतेचे संस्कृत श्लोक, ओव्या आणि आजच्या मराठीत अर्थ. एक प्रकटन, तीन अभिव्यक्ती. अर्थ लिहिणाऱ्याला ७००मध्ये घ्या, आणि श्लोक पूर्ण दिले असतील तर ७३०मध्ये भगवद्गीता, दुसरा इंडिकेटर (क्षेत्राच्या सुरुवातीचा संकेत-अंक) २, म्हणजे 'हे यात समाविष्ट आहे'. ज्ञानेश्वरी ही स्वतः गीतेवरची टीका असल्यामुळे ६३०मध्ये 'भगवद्गीता — टीका' सगळ्याच नोंदींना लागेल. ६३० आणि ७३० यांची गल्लत फार होते: ६३० म्हणजे गीतेबद्दल, ७३० म्हणजे गीता आत आहे.

इंग्रजी बाजूला वि. गो. प्रधानांचा अनुवाद, संपादन लॅम्बर्ट बाईंचं, लंडनहून १९६७ आणि १९६९ असा दोन खंडांत आला. पुढे १९८७ साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या मुद्रणालयाने काढला. अभिव्यक्ती एक, प्रकटनं दोन, नोंदी दोन, एकमेकींना ७७५ने जोडलेल्या. मनू सुभेदार आणि भागवत यांचे इंग्रजी अनुवाद त्याहून वेगळ्या अभिव्यक्ती. तिघांच्याही २४०मध्ये नुसतं 'ज्ञानेश्वरी. इंग्रजी' येतं, त्यामुळे अनुवादकाचं आडनाव कंसात जोडा: 'ज्ञानेश्वरी. इंग्रजी (प्रधान)'.

हाताने लिहिलेल्या पोथीला वरचं सगळं गणित लागत नाही. तिथे प्रकटन आणि प्रत एकच. प्रत्येक पोथीची स्वतंत्र नोंद. दोन पोथ्यांचा मजकूर शब्दशः सारखा असला तरी विलीन करायच्या नाहीत.

दाखलनोंद

जुन्या पुस्तकांवर फक्त शके असतं. तिथे साल कसं लिहायचं?

पोथीनिष्ठ

छापलंय तसं आधी, मग चौकोनी कंसात इसवी. महिना दिला असेल तर: चैत्र ते कार्तिक ७८ मिळवा, माघ-फाल्गुनात ७९. पौष मधोमध फुटतो, मार्गशीर्षही कधी कधी जानेवारीत जातो, तिथे पंचांग बघा. गुढीपाडवा शके १९०५ म्हणजे १९८३. माघ शके १९०५ म्हणजे १९८४. महिना नसेल तर 'शके १९०५ [१९८३ किंवा १९८४]'. सरसकट ७८ मिळवून ठेवलेल्या डेटात एकाच प्रकटनाच्या दोन नोंदी होतात, कारण दुसऱ्या कोणीतरी मुखपृष्ठावरचं इसवी साल घेतलेलं असतं.

ध्वनीफीत

८, ९, १० मी घेतो.

८: ०४१चा पहिला इंडिकेटर १ (हे भाषांतर आहे), डॉलर ए मध्ये इंग्रजीचा कोड, डॉलर एच मध्ये मराठीचा. १००मध्ये साने, २४०मध्ये 'श्यामची आई', डॉलर एल मध्ये इंग्रजी. २४० विसरलात तर इंग्रजी पुस्तक मूळ पुस्तकापासून कायमचं तुटतं.

९: वाचून दाखवलेली म्हणजे वेगळी अभिव्यक्ती. ३३६मध्ये 'उच्चारित शब्द', ५११मध्ये वाचणाऱ्याचं नाव, ३०६मध्ये कालावधी. वाचणारा बदलला की अभिव्यक्ती बदलली. त्याच वाचकाचं तेच ध्वनिमुद्रण सीडीवर आणि ॲपवर असेल तर अभिव्यक्ती एक, प्रकटनं दोन, ७७६ने जोडा.

१०: चित्रपट म्हणजे नवी कृती. यात बरेच जण फसतात आणि १००मध्ये साने टाकतात. 'श्यामची आई' नावाचे चित्रपट दोन आहेत: आचार्य अत्रे यांचा १९५३चा आणि २०२३चा. म्हणून १३०मध्ये (लेखकाखाली न येणाऱ्या कृतीचं मान्य शीर्षक) 'श्यामची आई (चित्रपट : १९५३)' असं कंसासह. साने ७००मध्ये, 'आधारित कृती' नात्याने. डीव्हीडीचं साल २६४मध्ये, चित्रपटाचं ००८च्या दुसऱ्या सालात, आणि सहाव्या स्थानी 'पी'. 'आर' नको, 'आर' पुनर्मुद्रणाचा. १९५३ थेट २६४मध्ये टाकलेल्या नोंदी मी इतक्या पाहिल्यात की १९५३ साली डीव्हीडी निघत असाव्यात असं वाटावं.

खिळेजोड

आता ११. हे सगळ्यात मजेचं. शीर्षकपान नाही म्हणून 'अज्ञात प्रकाशक' अशी नवी नोंद करणं हा सोपा आणि चुकीचा रस्ता. आधी ताडून बघा.

शेवटचं पान २५० आहे, पण बाइंडिंगवाल्याने शेवटची पानं टाकली असतील. मजकूर मध्येच तुटतो का बघा. मग नोंद १ची एक धड प्रत शेजारी घ्या. दोन्हींत पान १०१ उघडा आणि पहिल्या पाच ओळींचा शेवटचा शब्द ताडा. मग पान १७३, शेवटच्या पाच ओळी. नव्याने जुळणी झाली असेल तर ओळी वेगळ्या शब्दांवर तुटतात. तीच जुळणी असेल तर शब्दाशब्दाला जुळतात, अगदी निखळलेल्या अनुस्वारासकट. दोन ठिकाणी जुळलं तर प्रकटन तेच. तिसरी खूण: फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात फर्म्याचा क्रमांक असतो, जुन्या छपाईत हमखास. तोही त्याच पानावर यायला हवा.

जुळलं तर ही वेगळी नोंद नाही, नोंद १ची आणखी एक प्रत आहे. 'शीर्षकपान व शेवटची ६ पाने नाहीत, पुनर्बांधणी' हे ९५२ डॉलर झेड मध्ये. ३०० क्षेत्रात (पृष्ठं आणि उंची) २५० पृष्ठं लिहू नका. ३०० प्रकटनाचं वर्णन करतं, तुमच्या हातातल्या जखमी प्रतीचं नव्हे.

हाच नियम लेखकाच्या सहीच्या प्रतीला, भेट दिलेल्या प्रतीला, ग्रंथालयाने घातलेल्या रेक्झिनच्या बाइंडिंगला. सगळं प्रतीवर. '५०० — लेखकाची सही' असं लिहिलं की पाच प्रतींपैकी नेमकी कुठली ते कळत नाही आणि वाचक पाचही उघडून बघतो.

नवशिका

आणि प्रत्यक्ष विलीन कसं करायचं? बटण दाबायला भीती वाटते.

मार्कवाला

वाटायलाच हवी, कारण परत फिरवायचं बटण नाही. पायऱ्या:

आधी त्या सगळ्या नोंदी मार्क स्वरूपात निर्यात करून ठेवा, आणि त्या नोंदींवर कोणाची आरक्षणं आहेत ते कागदावर उतरवा. मग कर्मचारी इंटरफेसमध्ये शोध घेऊन १, २, ३, ११ वर खुणा करा, संपादन मेनूतून 'नोंदी विलीन करा'. कोहा विचारतं, आधार नोंद कुठली? सगळ्यात जास्त भरलेली निवडा, सगळ्यात जुनी असेलच असं नाही (२५० आणि २६४ मात्र वर ठरल्याप्रमाणे जुन्या खेपेचेच). पुढच्या पडद्यावर प्रत्येक नोंदीची क्षेत्रं टॅबमध्ये दिसतात. आधार नोंदीबाहेरची जी ०२०, ५००, ६५० (विषय) हवी आहेत त्यांवर खूण करा. २४५, १००, २५० हातात एकच ठेवा. २४५ दुसऱ्यांदा घेऊच देत नाही. विलीन केलं की सगळ्या प्रती आधार नोंदीखाली येतात, बाकीच्या नोंदी जातात. दाखल क्रमांक आणि बारकोड तेच राहतात, त्यामुळे पुस्तकांवर नवं लेबल लावावं लागत नाही.

लगेच तपासा: प्रतींची बेरीज आधीइतकीच आहे का, आणि आरक्षणं जागेवर आहेत का.

एकच प्रत चुकून दुसऱ्या नोंदीवर बसली असेल तर विलीनीकरणाच्या वाटेला जाऊ नका. ज्या नोंदीवर ती हवी आहे ती उघडा, संपादन, 'प्रत जोडा', बारकोड टाका. झालं. चित्रपटाची डीव्हीडी पुस्तकाच्या नोंदीवर सापडते तेव्हा हाच उपाय.

तालिका

विलीन करण्याआधी दुहेरी नोंदी सापडायला हव्यात, आणि त्या लपतात अक्षरांत. ऱ्हस्व-दीर्घ तर आहेच. १९६२च्या लेखननियमांआधीची शीर्षकं 'कांहीं', 'नाहीं' अशी अनुस्वारांसह असतात. छापलंय तसं २४५मध्ये, आजचं रूप २४६मध्ये. (केवळ लेखन आधुनिक केलं म्हणून नवी अभिव्यक्ती मानत नाहीत.) तिसरा चोर संगणकातला: 'ॲ' हे एक अक्षर म्हणूनही टाइप होतं आणि 'अ' वर चंद्र देऊनही. डोळ्याला एकच, संगणकाला दोन वेगळी. 'ऱ्य'चं तेच. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या डेटात दोन्ही रूपं मिसळलेली असतात. आधी शोधा-बदला करून एक रूप करा, मग दुहेरी शोधा. उलट्या क्रमाने केलंत तर सगळं दोनदा करावं लागेल.

दाखलनोंद

मोजतो: १+२+३+११ एक. ४ एक. ५+६ एक. ७, ८, ९, १० एकेक. अकराच्या सात. सातव्या पुस्तकातली रात्र पाचवी मूळ मजकुराशी ताडली. वाक्यं सान्यांचीच आहेत, मधले परिच्छेद गळलेत. म्हणजे कृती दोनच, पुस्तक आणि चित्रपट.

शेवटची शंका कपाटाची. ड्यूई वर्गांक सगळ्यांना ८९१.४६३ (मराठी कथा-कादंबरी)?

तालिका

पुस्तक, संक्षेप, इंग्रजी अनुवाद, सीडी: सगळ्यांना ८९१.४६३, अनुवाद मूळ भाषेच्या वर्गातच राहतो, इंग्रजी साहित्यात नेऊ नका. डीव्हीडी ७९१.४३७२. ग्रंथांकात (वर्गांकाखालच्या लेखक-शीर्षकाच्या खुणेत) पहिलं प्रकटन सोडून बाकीच्यांना साल जोडा ('साने/श्या/२००५'), म्हणजे ४ आणि ५ कण्यावरून वेगळी ओळखू येतात. प्रतीचा क्रमांक ९५२ डॉलर टी मध्ये आणि लेबलच्या शेवटच्या ओळीत: प्र. १, प्र. २. अकरा नंबरची जखमी प्रत सगळ्यात शेवटचा क्रमांक घेऊ दे.